गाठीतले राखणदार आणि तानूबाईचा डाग

दिवसभरात मी सगळ्यांत जास्त वेळा जे वाक्य म्हणते ते "हलू नका" हे. सकाळी साडेसातपासून म्हणायला लागते आणि शेवटचा पेशंट टेबलावरून उतरेपर्यंत घसा बसतो. घरी गेल्यावर कुणी बोलायला आलं की मला तेच सांगावंसं वाटतं.

मी रेडिएशन टेक्नॉलॉजिस्ट आहे. कृष्णाकाठच्या एका शहरातल्या कॅन्सर हॉस्पिटलात किरणांचं मशीन चालवते. हॉस्पिटलचं नाव देत नाही, कारण जे सांगणार आहे ते कुठेही घडलं असतं. अजून पस्तिशी गाठलेली नाही. पण ज्या अंकात निवृत्त पोस्टमास्तर आणि निवृत्त फौजदार लिहितात, त्यात माझ्याकडून लेख मागवला तेव्हा मला नवल वाटलं नाही. या कामात माणूस फार लवकर निवृत्तासारखा दमतो.

वाईला आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील शिक्षक आणि चळवळीतले. बुवाबाजी, हुंडा, धरणग्रस्तांच्या जमिनी, लहान मुलांच्या पोटावर तापल्या सळईनं दिले जाणारे डाग, प्रत्येकावर एक पत्रक. 'बंधूंनो आणि भगिनींनो' यावरूनच मी अक्षरं जोडायला शिकले. उन्हाळ्याच्या सुट्टीत एस.टी. स्टँडवर उभं राहून पत्रकं वाटायची, हीच आमची गंमत. लोकांना नीट समजावून सांगितलं की लोक बदलतात, असा त्यामुळे माझा पक्का समज झाला. तो समज घेऊन मी या नोकरीत आले. तो अजून आहे. फक्त आता त्याचे गुडघे दुखतात.

काम काय ते आधी सांगते. कॅन्सरची गाठ शरीरात जिथे असेल, नेमक्या तिथे किरण सोडायचे. किरण दिसत नाहीत, त्यांचा चटका लागत नाही, आवाजसुद्धा नुसता मशीनचा. रोज दहाएक मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस, असे सहा-सात आठवडे. रोज अगदी त्याच जागी, केसभरही इकडेतिकडे नाही. म्हणून गळ्याच्या आणि तोंडाच्या पेशंटचा आम्ही मास्क करतो. प्लॅस्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करायची, चेहऱ्यावर पसरायची आणि दाबून धरायची. थंड झाली की तिच्यावर त्या माणसाचं नाक, हनुवटी, गाल सगळं उमटतं. तो मास्क टेबलाला अडकवला की मान हलत नाही. मग आम्ही बाहेर येतो, जाड दार लावतो आणि कॅमेऱ्यात बघत बसतो.

त्या टेबलावर माणसं कशी झोपतात यावरून मी त्यांचं गाव ओळखते असं आमच्याकडे चेष्टेनं म्हणतात. साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार झोपूनही सावधानमध्ये असायचे. मी माईकवर "झालं" म्हटलं की "जय हिंद" म्हणून उतरायचे. तासगावचे एक द्राक्षबागायतदार मला रोज विचारायचे, "ताई, ह्या फवाऱ्याचं नोझल कुटं असतंय?" त्यांना कुठलीही गोष्ट फवारल्याशिवाय मरते यावर विश्वासच नव्हता. दोघंही गोड माणसं. दोघांच्या गाठी सारख्याच आकाराच्या, किरणांचा हिशेबही सारखा. सुभेदारांची गाठ विरघळली. बागायतदारांची तशीच राहिली.

का? हा प्रश्न आम्ही रोज गिळतो. तेच मशीन, तोच डोस, तीच मी. एक बरा होतो, दुसरा होत नाही.

या प्रश्नाच्या मागे लागलेल्या आमच्या हॉस्पिटलातल्या एक डॉक्टर म्हणजे मुग्धा मॅडम. त्या पॅथॉलॉजीच्या, म्हणजे गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्या. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला बोलावून दोन काचा दाखवल्या. पहिल्या काचेत गुलाबी पसरट पेशींच्या मधे गडद जांभळे बारीक ठिपके, भाकरीवर तीळ दाबावेत तसे गच्च. दुसऱ्या काचेत गाठीच्या आत एखादाच ठिपका, बाकीचे कडेला घोळका करून.

"हे जांभळे ठिपके म्हणजे आपले राखणदार," मॅडम म्हणाल्या. "प्रतिकार करणाऱ्या पेशी. काही गाठींत त्या आत शिरलेल्या असतात, काहींत कुंपणाबाहेरच उभ्या. ज्यांच्यात आत शिरलेल्या असतात, त्या किरणांना बरेचदा चांगली दाद देतात, असं दिसतंय."

"म्हणजे गाठ आम्ही मारत नाही?"

"तुम्ही मारता. पण एकट्या नाही. किरणांनी पेशी फुटल्या की त्यातून जे सांडतं त्यावरून राखणदारांना कळतं, शत्रू इथं आहे. मग आणखी येतात."

"आणि आम्ही त्यांनाही मारतो," मी म्हटलं. कारण ते मला माहीत होतं. किरणांच्या वाटेतून जे रक्त वाहतं त्यातले राखणदारही मरतात. दर आठवड्याला पेशंटचं रक्त तपासतो ते यासाठीही. आकडा खाली खाली जाताना आम्हीच बघतो.

"हो," मॅडम म्हणाल्या, "म्हणून तर हे इतकं सोपं नाही. आणि हे अजून कुणाला सांगून उपचार बदलावेत इतकं पक्कं नाही."

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. करोनानंतर आमच्या भागात प्रत्येक पानपट्टीशेजारी प्रतिकारशक्तीची पावडर मिळते. पेशंट ती खिशात घेऊन येतात. ती खाऊन गाठीतले राखणदार वाढतात असं कुणीही सिद्ध केलेलं नाही, हे मी इथं छापील अक्षरात लिहून ठेवते.

आता बिरूमामांकडे येते.

बिरूमामा आटपाडीकडचे धनगर. वय साठीच्या आसपास, लाल पटका, आणि घशात गाठ. चाळीस वर्षं बिडी ओढलेली. दिवाळीनंतर ही माणसं मेंढरं घेऊन नदीकाठी उतरतात. उसाच्या, हळदीच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत मिळतं, मेंढरांना चारा. शेतकरी बोलावतील त्या रानात त्यांचा वाडा पडतो. वाडा म्हणजे घर नाही. जाळ्या, घोडं, चूल, कोंबड्या, माणसं, असं सगळं बिऱ्हाड. चार-आठ दिवसांनी उठून पुढच्या रानात.

मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या रेडिएशन विभागाच्या प्रमुखांनी, त्यांना सांगितलं, "सात आठवडे. एक दिवस चुकवायचा नाही. मधे खंड पडला की उरलेल्या पेशी घाईनं वाढतात. कुठं राहणार?"

बिरूमामा बायकोकडे बघायला लागले. तानूबाई म्हणजे हातभर बांगड्या, कपाळावर भंडारा आणि आवाज असा की बाहेर नंबर लावून बसलेले पेशंट दचकावेत.

"कुटं म्हंजे?" ती म्हणाली. "वाडा हितंच फिरवू की. तुमच्या दवाखान्याच्या भोवतीनं."

आणि खरंच फिरवला. हॉस्पिटलच्या आसपासच्या गावांत ओळखीच्या शेतकऱ्यांकडे जाऊन तिनं रानं ठरवली. एवढा कळप एका आजारी माणसासाठी एका शहराभोवती फिरत राहिला. रोज सकाळी मामा कुठल्यातरी बांधावरून चालत येत. चपलांना माती, अंगाला मेंढरांचा वास. शेजारी बसणारे पेशंट नाकाला रुमाल लावत. मला राग यायचा. मग मामाच म्हणायचे, "असू दे गं पोरी. आमची मेंढरं बी ह्यांच्या अत्तराला शिंकत्यात."

मास्कवर मी रंगाच्या खुणा केल्या तेव्हा त्यांना काहीच समजवावं लागलं नाही. "मेंढराला रंग लावतो तसं. आपलं वळकू यावं म्हणून."

मुग्धा मॅडमनी त्यांच्या गाठीची काच बघितली होती. एक दिवस रक्ताच्या रिपोर्टसाठी मामा आणि तानूबाई त्यांच्या खोलीत गेली, मी कागद घेऊन बरोबर होते. तानूबाईनं थेट विचारलं, "तुमी त्या नळीतनं काय बघता?"

मॅडमना समजावून सांगायला आवडतं. त्यांनी राखणदार सांगितले. मामांच्या गाठीत ते भरपूर आत शिरलेले आहेत, हेही.

"म्हंजे कुत्री," मामा म्हणाले. "लांडगा कळपात शिरला तर कुत्री मागनं शिरली पायजेत. भाईर भुंकून काय उपेग न्हाई."

"अगदी. आणि किरणांनी गाठ भाजली की तिथून हाक जाते. मग आणखी येतात."

तानूबाई विचारात पडली. "म्हंजे डागासारखं. जनावराचा पाय सुजला की डाग देतो. डागाकडं समदं अंग धावतंय."

मॅडम हसल्या. "हो, तसंच काहीसं."

त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. आपलं म्हणणं कुणाला इतक्या लवकर कळलं की मीही अशीच हसते.

चौथ्या आठवड्यात मामांना गिळायला त्रास होऊ लागला. घसा आतून सोलवटतो, लाळ आटते, चव जाते. हे होणारच असतं आणि आम्ही आधी सांगतो, पण सांगणं आणि होणं यात फार अंतर आहे. भाकरी दुधात कुस्करूनही उतरेना. मामा वाळायला लागले. तानूबाईनं एकदा मला कोपऱ्यात घेतलं.

"ताई, मशीन कमी पडायलंय का?"

"नाही मावशी. उलट काम करतंय म्हणून हे होतंय."

"गाठ बारीक झाली का?"

"अजून सांगता येत नाही. संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी."

तिनं मान हलवली. पटल्यासारखी नाही.

सोमवारी मामा आले तेव्हा मान पटक्यानं गुंडाळलेली. मी पटका सोडला. जबड्याखाली, गाठीच्या बाजूला, तापवलेल्या सळईचे दोन डाग. कातडी आधीच किरणांनी काळवंडलेली, नाजूक झालेली. त्यावर हे. पाणी सुटलं होतं. मास्क लावणं शक्यच नव्हतं.

तानूबाई वाड्यातली डाग देणारी बाई होती, हे मला तेव्हा कळलं. जनावरांना आणि माणसांनाही. दूरदूरहून लोक तिच्याकडे येत. तिचा हात चांगला आहे म्हणत.

मोठे डॉक्टर असे ओरडले की पलीकडच्या ओपीडीतले लोक उठून बघायला आले. "अडाणीपणाची काही सीमा आहे का? आम्ही इथं जीव तोडतोय आणि तुम्ही माणसाला जनावरासारखं भाजता?"

मामाच खाकरून म्हणाले, "तिला नगा बोलू सायेब. म्याच मान दिली फुडं."

लहानपणापासून ज्या गोष्टीविरुद्ध मी पत्रकं वाटली, ती गोष्ट माझ्या टेबलापर्यंत चालत आली होती. मला ओरडायचं होतं, डॉक्टरांपेक्षाही मोठ्यानं. पण कुणावर? ती बाई मूर्ख नव्हती. तिला जे सांगितलं होतं त्यातून तिनं पुढचं पाऊल टाकलं होतं. जखम झाली की राखणदार धावतात, तर आणखी जखम करू, आणखी धावतील. आपल्याकडे शिकलेली माणसं याहून दुबळ्या तर्कावर पावडरी खातात. मी मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, "सर, अडाणी म्हणून हे मिटणार नाही."

"मग कशानं मिटेल?"

मी खाली पॅथॉलॉजीत गेले तर मुग्धा मॅडम काच हातात धरून नुसत्या बसल्या होत्या. "मीच 'हो' म्हणाले होते गं," एवढंच म्हणाल्या.

उपचार थांबले. जखम भरेपर्यंत थांबवण्यावाचून इलाज नव्हता. आणि प्रत्येक थांबलेला दिवस गाठीच्या बाजूनं मोजला जात होता. इतके आत शिरलेले राखणदार असलेली गाठ, जी बरी व्हायची दाट शक्यता होती, ती आता हातची जाते की काय, ही भीती कुणी बोलून दाखवत नव्हतं. मामा मात्र रोज यायचे. मशीन मिळणार नव्हतं तरी. बाहेरच्या बाकावर बसायचे.

"मामा, घरी थांबा की."

"सवय पडली हाय. आन् वाड्यावर कोन बोलंना तानीशी. तीबी कुनाशी बोलंना. त्यापरास हितं बरं."

मग एक दिवस मी ड्रेसिंगनंतर तानूबाईला घेऊन पायरीवर बसले. माझ्याकडे पत्रक नव्हतं. पत्रकात लिहितात तसं बोलणंही नव्हतं.

"मावशी, लांडगा कळपाच्या आत हाय. घशात. तुम्ही डाग दिलात कातड्याला. आता अंग जखम भरायला कातड्याकडं धावतंय."

तानूबाई म्हणाली, "म्हंजे कुत्री म्या चुकीच्या अंगाला बोलवली."

हे शास्त्रात तंतोतंत बसत नाही, हे मला ठाऊक होतं. खरा तोटा खंडाचा होता. तेही मी सांगितलं. मशीन जेवढे दिवस बंद तेवढे दिवस लांडग्याला मोकळे, म्हणून. ती म्हणाली, "त्ये कळलं मला. सायेब ओरडला तवाच कळलं. पन त्यो का ओरडतोय त्ये कुनी सांगितलं न्हवतं."

जखम भरायला जवळपास दोन आठवडे लागले. तोवर मेंढरं परत वर आटपाडीच्या माळावर न्यायची वेळ झाली. पाऊस लागला की काळ्या चिखलात मेंढरं टिकत नाहीत, त्यांचे खूर सडतात. वाडा कुणाच्या गाठीसाठी थांबू शकत नव्हता. मामांचा भाऊ कळप घेऊन निघाला. मामा आणि तानूबाई मागे राहिली. आम्ही त्यांना धर्मशाळेत खोली दिली. पंखा, पलंग, संडास. दुसऱ्या दिवशी वॉचमन तक्रार घेऊन आला की दोघं पार्किंगच्या शेडमधे झोपतात. मामा म्हणाले, "चार भिंतीत वारं कळत न्हाई. कुठनं येतंय तेच समजंना झालंय."

चेहरा इतका वाळला होता की जुना मास्क सैल झाला. नवा केला, नवा स्कॅन, नवं गणित. राहिलेले सगळे दिवस त्यांनी पुरे केले. एकही चुकवला नाही. शेवटच्या दिवशी आमच्याकडे पेशंटला टाळ्या वाजवून निरोप देतात. मामांना ते आवडलं नाही. "गाठ गेली का न्हाई त्ये ठावं न्हाई आन् टाळ्या कशाच्या?" मला ते एकदम पटलं.

आमच्या कामातली सगळ्यांत त्रासदायक गोष्ट ही की शेवट कळत नाही. रोज भेटणारा माणूस एक दिवस यायचा बंद होतो. पुढे तो बरा होतो की नाही, हे फाईलमधे जातं, आमच्यापर्यंत येत नाही. पण मामा आले. श्रावणात, तपासणीला. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "गाठ दिसत नाही. तरी येत राहायचं."

मी मशीन सोडून धावत गेले. मामांचा आवाज फाटला होता, एखाद्या कोरड्या पानासारखा. तानूबाई म्हणाली, "आता ह्येंची हाक मेंढरं ऐकत न्हाईत. मीच मारते. मेंढरं माजं ऐकत्यात, ह्यो न्हाई."

आम्ही सगळे हसलो. मग तिनं खाली बघून सांगितलं, "ताई, वाडीत समदी म्हणत्यात, तानीच्या डागानं गाठ जळली."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणू? मशीनचा उजेड कुनी बगितला न्हाई. डागाचा वण समद्यांस्नी दिसतोय."

त्या दिवशी मी घरी गेल्यावर जेवले नाही. ज्या डागानं माणूस जवळजवळ गमावला होता, त्याच डागाला त्याला वाचवल्याचं श्रेय मिळालं होतं. मुग्धा मॅडमच्या काचा, आमचं मशीन, ती गणितं, मामांनी कोरड्या घशानं काढलेले सात आठवडे, सगळं अदृश्य. दिसायला फक्त वण. वडिलांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "आपण पत्रकं छापली गं. वण कुठून छापायचा?"

हा लेख इथंच संपवायचा होता. लिहूनही झाला होता. पण गेल्या आठवड्यात सकाळी बाहेरच्या बाकावर तानूबाई दिसली. बरोबर तिशीतली एक बाई, पदर तोंडावर धरलेला. नाव सखू. गालाच्या आत, मिसरी धरायच्या जागी, गाठ.

"हिचा नवरा चार खेपा आला माझ्याकडं, डाग दे म्हणून," तानूबाई म्हणाली. "न्हाई म्हणलं तर म्हणतोय, आपल्या मानसाला दिलास, आमाला का न्हाई? हात राखून ठेवती म्हणतोय. मग म्या भांडून आणली हिला. यष्टीत सुदिक भांडत आलोय."

"तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"खरं त्येच. माज्या डागानं काम लांबलं, मशीननं झालं. कुनी मानत न्हाई. पन मी डाग देयाचं सोडलं म्हणल्यावर जाणार कुटं?"

तुकडा काढला, रिपोर्ट आला. मुग्धा मॅडमनी मला खाली बोलावून काच दाखवली. गाठीच्या आत जवळजवळ काहीच नाही. मोकळं गुलाबी रान. ठिपके सगळे कडेला.

आज सखू मास्क करायला आली होती. खोलीच्या दारात तानूबाई. सखूनं पदर बाजूला केला आणि विचारलं, "ताई, माज्यात बी हायती का राखणदार? तानूआत्याच्या मानसावानी?"

काच काय सांगते ते अजून पक्कं नाही, असं म्हणून मला सुटता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. मी तानूबाईकडे बघितलं.

"सांग की," ती म्हणाली. "दडवून काय हुनार हाय?"

"कमी आहेत," मी म्हटलं. "खूप कमी. त्यावरून बरं होईल की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. पण मामांचा खंड पडला तरी निभावलं. तुमच्या बाबतीत तो धोका घ्यायला नको. एकही दिवस चुकवायचा नाही."

सखूनं पदर परत गालावर घेतला. मग म्हणाली, "रोज कोन आननार मला? नवरा तर येयाचा न्हाई."

"मी हाय की," तानूबाई म्हणाली. "आवंदा वाडा लवकर उतरवू. हितंच."

मी शीट पाण्यात सोडली आणि ती मऊ व्हायची वाट बघत उभी राहिले.